इमारतीची दुसरी प्रत निघत नाही

पोस्ट मोठी आहे. सवडीने वाचा, पण वाचा. विषय वाचनालयांचा आहे. वाचनसंस्कृती, तरुण पिढी, मोबाईल यावर मी काही बोलणार नाही, ते बोलणारे पुष्कळ आहेत. मला बोलायचंय वाचनालयांच्या इमारतींबद्दल आणि त्यांचे फोटो काढण्याबद्दल.

'जगातली सर्वात सुंदर ग्रंथालयं' हा फॉरवर्ड तुम्हालाही आला असेल. त्यात डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजचं ते लांबलचक लाकडी दालन असतं. चीनमधलं तियानजिनचं ग्रंथालयही हमखास असतं. मधोमध भलामोठा पांढरा गोल आणि भोवती लाटांसारखी छतापर्यंत चढत गेलेली पुस्तकांची कपाटं. २०१७ साली ते उघडलं आणि त्याचे फोटो जगभर फिरले. नंतर कळलं की वरच्या कपाटांत पुस्तकं नाहीतच, पुस्तकांच्या पाठींची छापील चित्रं आहेत! माणूस पोहोचूच शकत नाही तिथे पुस्तक कशाला, असा हिशेब. म्हणजे फोटोत पुस्तकं दिसतात आणि हात लावायला गेलं तर पत्रा.

आता दुसरं चित्र बघा. ऑगस्ट २०१९. आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे, म्हणजे काय झालं असेल ते समजून घ्या. सांगलीचं नगर वाचनालय १८६९ चं, त्या वर्षी दीडशे वर्षांचं झालेलं. पाणी आत शिरलं आणि दुर्मीळ ग्रंथांसकट पुस्तकांचा लगदा झाला. ते फोटो आपण सगळ्यांनी बघितले. चिखलात पडलेली पुस्तकं, फुगून कपाटात अडकलेली पुस्तकं.

पण पुराच्या आधीच्या एखाद्या साध्या मंगळवारी ते वाचनालय कसं दिसायचं? कुठल्या खिडकीखाली पेपरवाल्या आजोबांची गर्दी असायची, कपाटं कशी लावलेली होती, जिना कुठून वर जायचा? असे फोटो मी ओळखीच्या लोकांकडे मागितले. मिळाले ते सगळे सत्काराचे. व्यासपीठ, शाल, श्रीफळ, हार आणि मागे बॅनर. बॅनरच्या मागे काय होतं ते बॅनरमुळे दिसतच नाही.

एकाकडे पुस्तकं नसलेल्या कपाटांचे लाखो फोटो, दुसरीकडे पुस्तकं असलेल्या कपाटांचा शोधूनही सापडत नाही. या पोस्टचं कारण एवढंच आहे.

छापील पुस्तक बुडालं तर त्याची दुसरी प्रत बहुतेक वेळा कुठेतरी असते. पुण्यात असेल, मुंबईत असेल, एखाद्या निवृत्त मास्तरांच्या माळ्यावर असेल. सापडायला दहा वर्षं लागतील, पण शक्यता असते. इमारतीचं तसं नाही. ती पडली, पाडली किंवा आतून बदलून टाकली की संपलं. तिची दुसरी प्रत निघत नाही. तिच्याबद्दल मागे उरेल ती फक्त नोंद, म्हणजे नकाशा, मोजमाप आणि फोटो. ती नोंद आपण करत नाही आहोत.

माझं काम लेखापरीक्षणाचं. त्यानिमित्ताने सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे फिरणं होतं. काम आटोपलं आणि एसटीला वेळ असला की मी गावातलं वाचनालय गाठते. गेली काही वर्षं तिथले फोटो काढायची सवय लागलीय. आमच्या धंद्यात 'घसारा' नावाचा प्रकार असतो. इमारतीची किंमत दरवर्षी थोडी थोडी कमी करत न्यायची. एका वाचनालयाच्या ताळेबंदात (नाव लिहीत नाही) भर चौकातल्या दगडी इमारतीची किंमत घसारा होत होत चार आकड्यांवर आलेली बघितलीय. हिशेबाच्या नियमाने ते बरोबर आहे, त्यात कुणाची चूक नाही. पण कार्यकारिणीच्या सभेत तोच आकडा समोर येतो आणि शेजारी बिल्डरचा आकडा येतो, तेव्हा इमारतीच्या बाजूने बोलायला कागदावर काहीच नसतं. सागवानी कैच्या कुठल्या, जोत्याचा दगड कसा घडवलाय, वाचनकक्षात दुपारी तीनला दिवा न लावता अक्षर दिसतं की नाही, याला ताळेबंदात रकाना नाही. फोटो हा तो रकाना आहे, असं माझं मत झालंय.

थोडा इतिहास. रत्नागिरी १८२८, नाशिक १८४०, पुणे १८४८, कोल्हापूर १८५०. रेल्वे नव्हती तेव्हा आपल्याकडे वाचनालयं निघत होती. साताऱ्याचं नगर वाचनालयही एकोणिसाव्या शतकातलंच. थोरल्या प्रतापसिंह महाराजांचं नाव त्याला आहे, त्यालाही अर्थ आहे. या राजाने साताऱ्यात शाळा काढली आणि शिळाप्रेसही आणला. त्यांच्याच शहरातल्या जुन्या राजवाड्यात पुढे शाळा भरू लागली आणि ७ नोव्हेंबर १९०० रोजी तिथल्या रजिस्टरात भीमराव आंबेडकरांचं नाव चढलं. रजिस्टरचं ते पान जपलं गेलं, म्हणून आज राज्यभर त्या तारखेला विद्यार्थी दिवस साजरा होतो. विचार करा, एका पानाची नोंद राहिली म्हणून केवढं काम झालं. आणि ज्या वाड्यात ते घडलं त्या वाड्याची लाकडं, खांब, चौक यांची काळजी आपण किती घेतली, हे राजवाड्यासमोरून रोज जाणाऱ्या सातारकरांनी स्वतःलाच विचारावं.

आपल्या भागात तर बघायला किती प्रकार आहेत! औंधला जा. १९३८ साली भवानराव पंतप्रतिनिधींनी यमाईच्या डोंगराच्या उतारावर संग्रहालय आणि ग्रंथालय उभं केलं. राजा स्वतः चित्रकार, त्यामुळे दिवसाचा उजेड आत कसा यावा याचा विचार इमारत बांधतानाच झालेला. खटाव तालुक्यातल्या एका संस्थानी गावात! वाईला जा. मराठी विश्वकोशाचं काम तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी या तालुक्याच्या गावी बसून केलं, पहिला खंड १९७६ साली आला. ज्या गावात प्राज्ञपाठशाळेसारखी संस्था होती तिथेच ते होऊ शकलं. मिरजेला इतिहाससंशोधक वासुदेवशास्त्री खरे यांच्या नावाचं खरे मंदिर आहे. आणि भिलारला जा. ४ मे २०१७ ला 'पुस्तकांचं गाव' सुरू झालं तेव्हा पंचवीस ठिकाणी मिळून पंधरा हजारांच्या आसपास पुस्तकं होती. त्यासाठी नवी इमारत बांधली नाही. लोकांनी आपल्या घराची पडवी, ओसरी, बाहेरची खोली दिली. वाचनालयाला घुमट आणि खांब लागतातच असं नाही, उजेड, सावली आणि बसायला जागा लागते, हे स्ट्रॉबेरी पिकवणाऱ्या गावाने दाखवून दिलं. तिथल्या रंगवलेल्या भिंतींसमोर फोटो काढणारे पुष्कळ असतात. त्यात काही वाईट नाही. पण दोन पावलं आत जाऊन पडवीत वाचत बसलेल्या माणसाचा पाठमोरा फोटो काढून बघा. गाव त्यात जास्त दिसेल.

इमारत 'बघणं' म्हणजे काय, हेही सांगते, कारण आपल्याला ते कुणी शिकवलेलं नसतं. वीज येण्याआधीची वाचनालयं उजेडाच्या हिशेबाने बांधलेली असायची. उंच खिडक्या, वर झरोके, पावसाचा सपकारा आत येऊ नये म्हणून व्हरांडा, उन्हाळ्यात गरम हवा वर जावी म्हणून उंच छत आणि कौलं. पेपर उभ्याने वाचता यावा म्हणून उतरती लाकडी टेबलं. कपाटांना काचा, म्हणजे पुस्तक मागायच्या आधी नजरेने निवडता यावं. हे सगळं कुणीतरी वाचणाऱ्याचा विचार करून केलेलं असतं. आता त्याच खिडकीसमोर कपाट येतं, झरोक्यावर प्लायवूड बसतं, छताला पीओपी लागतं आणि भर दुपारी ट्यूबलाईट लावून माणसं वाचतात. नंतर म्हणायचं, जुनी इमारत अंधारी आहे, पाडूया! दहा वर्षांपूर्वीचा एक फोटो हाताशी असेल तर दाखवता येतं की इमारत अंधारी नव्हती, आपण ती अंधारी केली.

मी जुन्याची आंधळी भक्त नाही. काही जुन्या वाचनालयांत बायकांसाठी स्वच्छतागृह नाही, हे मी बाई म्हणून सांगते. दारात पाच पायऱ्या आणि कठडा नाही, मग गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाने काय करायचं? दगडी कमान कितीही देखणी असली तरी ज्या मुलीला आठ तास अभ्यासिकेत बसायचंय तिला आधी नळाला पाणी पाहिजे. म्हणून फोटो काढताना कमानीचा काढा, तसाच कुलूप घातलेल्या स्वच्छतागृहाचाही काढा. कौतुक आणि तक्रार दोन्ही एकाच अल्बममध्ये पाहिजे. एमपीएससीची पोरं प्लायवूडच्या खोक्यांत मान खाली घालून बसलेली असतात, ती आजच्या वाचनालयाची खरी वाचक आहेत. त्यांची जागा कशी आहे याचीही नोंद व्हायला हवी.

आता जो प्रश्न दोन्ही जिल्ह्यांत सगळ्यांना छळतोय त्याकडे येते. जुनं वाचनालय पाडायचं, खाली गाळे काढायचे, भाड्यावर संस्था चालवायची आणि वाचनालय वरच्या मजल्यावर न्यायचं. हे गावोगाव चाललंय. कार्यकारिणीला नुसतं शिव्या घालून उपयोग नाही. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याने अ, ब, क, ड असे वर्ग ठरतात, वर्गाप्रमाणे अनुदान मिळतं, आणि ते ग्रंथपालाच्या तुटपुंज्या पगारात आणि चार पुस्तकांत संपून जातं. कौलं बदलायला पैसे कुठून आणायचे? गाळ्यांचं भाडं हे काही वाचनालयांचं पोट आहे, मी हिशेब बघितलेत. पण वर गेलेल्या वाचनालयात सत्तरीचे सभासद चढू शकत नाहीत. ते वर्गणी भरत राहतात आणि यायचे मात्र बंद होतात.

सांगलीत तर हा प्रश्न उलटा होऊन समोर येतो. तिथे पुस्तकं खाली ठेवली की कृष्णामाई नेते. २०१९ ला नेली, २०२१ ला पाणी पुन्हा चढलं. म्हणजे पुस्तकं वर पाहिजेत आणि वाचणारा खाली पाहिजे. याचं उत्तर इमारतीच्या आराखड्यातच शोधावं लागेल. पेपर आणि मासिकांची खोली तळमजल्यावर, ग्रंथसंग्रह पूररेषेच्या वर, दुर्मीळ पुस्तकं आणि जुनी रजिस्टरं सगळ्यात वर, आणि लिफ्ट ही चैन न समजता गरज समजायची. 'पुस्तकांचं गाव' योजना वाढवताना सांगली जिल्ह्यातून कृष्णाकाठच्या अंकलखोपची निवड झाली, याचा मला आनंदच आहे. पण तिथेही पहिला प्रश्न हाच, कपाटाचा खालचा कप्पा किती फुटांवर? आणि त्याचं उत्तर द्यायला पुन्हा फोटोच लागतात. मागच्या पुरात पाणी भिंतीवर कुठपर्यंत आलं होतं ती खूण रंग दिल्यावर पुसली जाते. फोटोतली खूण राहते.

"पुस्तकं घ्यायला पैसे नाहीत आणि तुम्ही दाराखिडक्यांचे फोटो काय काढत बसलाय?" असं मला एका ग्रंथपाल काकांनी तोंडावर विचारलं. प्रश्न बरोबर आहे. उत्तर असं की पुस्तकाला पैसे लागतात, फोटोला लागत नाहीत. प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. लागतो तो एक तास आणि परवानगी. परवानगीचंच अवघड आहे. "ताई, कशाला काढताय? पेपरात देणार काय? अध्यक्षांना विचाराय लागंल." हा संवाद इतक्या वेळा झालाय की मला पाठ झालाय. भीती कळते. गळकं छत पेपरात आलं तर बदनामी होईल, असं वाटतं. अहो, पण गळकं छत फोटोमुळे गळत नाही. दुरुस्तीसाठी आमदारांकडे, नगरपालिकेकडे किंवा देणगीदाराकडे जाताना तोच फोटो अर्जासोबत लावायचाय.

अमेरिकेत रॉबर्ट डॉसन नावाच्या छायाचित्रकाराने अठरा वर्षं देशभर फिरून सार्वजनिक ग्रंथालयांचे फोटो काढले, २०१४ साली त्याचं पुस्तक आलं. त्याने मोठमोठी देखणी ग्रंथालयं तर घेतलीच, पण एका खोलीची, ओसाड गावातली, बंद पडलेलीही घेतली. त्या देशाने आपल्या वाचणाऱ्याला कुठे बसवलं, याचा तो हिशेब आहे. आपल्याला अठरा वर्षं नकोत. दोन जिल्हे आहेत आणि प्रत्येक गावात एक तास द्यायला एखादा माणूस पाहिजे.

काय काढायचं, तेही सांगते. समोरून पूर्ण इमारत, रस्त्याच्या पलीकडे उभं राहून. जोतं आणि पायऱ्या. दरवाजा. कोनशिला आणि देणगीदारांची पाटी, अक्षरं वाचता येतील अशी. वाचनकक्ष चारही कोपऱ्यांतून, फोन छातीच्या उंचीवर सरळ धरून, म्हणजे भिंती वाकड्या दिसणार नाहीत. छत आतून. खिडक्या सकाळच्या उजेडात. कपाटं, पेपरचं टेबल, कार्डांचे खण उरले असतील तर ते. जिना. स्वच्छतागृह. ओल आलेली भिंत. पुराची खूण. फ्लॅश लावू नका, काचेवर नुसता पांढरा डाग येतो. वाचणाऱ्यांचे चेहरे विचारल्याशिवाय घेऊ नका. फिल्टर तर अजिबात नको, ओल ही ओलच दिसली पाहिजे. प्रत्येक फोटोला तारीख, गाव आणि कुठल्या बाजूचा आहे ते लिहा. तारीख नसलेला फोटो वीस वर्षांनी निम्म्या कामाचा राहतो.

आणि आता माझी मुख्य सूचना. सातारा आणि सांगली हा एकेकाळी एकच जिल्हा होता. १९४९ ला दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० ला त्याचं नाव सांगली पडलं. नदीही एकच. महाबळेश्वरातून निघते, वाईच्या घाटावरून येते, कराडला कोयना घेते आणि सांगलीला येते. तर सांगलीतल्या वाचनालयांच्या फोटोंची एक प्रत साताऱ्यात ठेवा आणि साताऱ्याची सांगलीत. एक हार्डडिस्क आणि महत्त्वाच्या फोटोंचे छापील प्रिंट, कपाटाच्या वरच्या कप्प्यात. पूर दोन्हीकडे एकाच वेळी त्या उंचीवर जाणार नाही. एका ठिकाणी छत कोसळलं तर दुसरीकडे नोंद शिल्लक राहील. याला सरकारी जीआर लागत नाही. दोन्ही शहरांतल्या नगर वाचनालयांच्या कार्यवाहांनी एकमेकांना फोन केला तरी सुरुवात होईल.

बाकी दोन छोट्या मागण्या आहेत. वाचनालयाच्या वार्षिक अहवालात सभासदसंख्या, ग्रंथसंख्या आणि जमाखर्च असतो, त्यात दरवर्षी इमारतीच्या फोटोंची चार पानं घाला. तेच कोपरे, त्याच जागेवरून. दहा अहवाल शेजारी ठेवले की भेग किती वाढली ते इंजिनिअरशिवाय कळेल. दुसरं, दोन्ही जिल्ह्यांत दरवर्षी ग्रंथोत्सव होतो. ९९व्या अखिल भारतीय साहित्य संमेलनाचं यजमानपदही साताऱ्याला मिळालं. अशा मांडवात पुस्तकांचे गाळे असतात, कवी असतात, मंत्री असतात. एक गाळा आपल्याच वाचनालयांच्या फोटोंचा का नसावा? कवठ्याचं, विट्याचं, फलटणचं, मेढ्याचं वाचनालय आतून कसं आहे हे सातारकरांनी आणि सांगलीकरांनी बघू दे.

नवीन इमारती बांधायला माझा विरोध नाही. वाचनालय वाढणार, तर जागा वाढणार, कधी जुनं पाडावंही लागणार. पण पाडायच्या आधी सभासदांसमोर जुन्या वास्तूचे फोटो आणि मोजमापं ठेवा, आणि विचारा की यातलं नव्यात काय न्यायचं. उंच खिडकी न्यायची का? व्हरांडा न्यायचा का? पेपरचं टेबल? हे प्रश्न विचारले गेले तर नवी इमारतही वाचणाऱ्याचीच होईल. नाहीतर ती गाळ्यांची होईल आणि वर वाचनालय भाडेकरूसारखं राहील.

रविवारी बरीच वाचनालयं सकाळी उघडी असतात, तुमच्या गावच्या वेळेची खात्री करून जा. ग्रंथपालांना नमस्कार करा, वर्षाची वर्गणी भरा, मग फोटो काढायची परवानगी मागा. सभासदाला नाही म्हणणं जरा जड जातं!

पोस्ट नावासकट किंवा नावाशिवाय, कशीही पुढे पाठवा. फक्त सोबत तुमच्या वाचनालयाचा एक फोटो जोडा, तारीख घालून.